ओळीतले परके

उजवा डोळा मिटला की झाड आपलं दिसायचं आणि डावा मिटला की परकं. इंद्रभाननं तीनदा करून पाहिलं. भेंडीच्या सातव्या ओळीत, कमरेएवढ्या झाडासमोर उभा राहून त्रेसष्ट वर्षांचा माणूस आळीपाळीनं डोळे मिटतोय, हे कुणी पाहिलं असतं तर कंपनीत दिवसभर चहाला विषय पुरला असता. पण सकाळचे साडेसात वाजले होते, खुरपणीच्या बाया अजून यायच्या होत्या, आणि अंबड रस्त्याकडच्या त्या फार्मवर पाण्याच्या मोटारीशिवाय कुणाचा आवाज नव्हता. त्यानं चौथ्यांदा डावा डोळा मिटला. पान तेच, बोटं पसरलेलं. फूल तेच, पिवळं, आत खोल तांबडं. मात्र पानाचा देठ खोडाला जिथं मिळतो तिथं, नखाएवढ्या जागेत, एक जांभळट झाक होती, आणि ती झाक या जातीच्या घरातली नव्हती. इंद्रभानच्या काळजात धस्स झालं. झाड परकं निघालं म्हणून नव्हे, परकी झाडं तो गेली तीस वर्षं काढत आला होता. धस्स झालं ते अशासाठी, की डावा डोळा, ज्या डोळ्यानं त्यानं आजवर सगळं पाहिलं, तो म्हणत होता की इथं काहीही नाही, आणि उजवा, ज्यातला मोतीबिंदू सव्वा महिन्यापूर्वी काढून कुणीतरी कारखान्यात घडवलेलं भिंग बसवलं होतं, तो म्हणत होता की आहे. आता यातला आपला कोणता?

त्या उजव्या डोळ्यानं तसा त्याला आनंदच फार दिला होता. पट्टी निघाली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना समोरच्या रिक्षाचा निळा रंग अंगावर आला तसा तो थबकलाच. निळा असा असतो हे त्याच्या ध्यानातूनच गेलं होतं. घरी आल्यावर त्यानं कडूबाईला, बायकोला, विचारलं होतं, "हे लुगडं नवं घेतलं का?" कडूबाई भाकरी थापता थापता थांबली. "पोराच्या लग्नातलं हाये," ती म्हणाली, "चार वर्ष झाले नेसून राह्यले. आत्ता उघडले का तुमचे डोळे?" लुगडं जांभळं होतं. चार वर्षं त्याला ते मातकट दिसत आलं होतं आणि त्यानं ते मातकट म्हणूनच मान्य केलं होतं, बायकोची आवड म्हणून, काही न बोलता. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस त्यानं काळा चष्मा लावून घरातल्या घरात वस्तू बघण्यात घालवले. बादली बघितली, कॅलेंडर बघितलं, मिठाच्या बरणीचं झाकण बघितलं. कडूबाई म्हणायची, हा माणूस घरात पाहुणा आल्यावानी करून राह्यलाय. खरंच पाहुण्यासारखं होतं ते. आपल्याच घरात पाहुणा होऊन यायला मिळणं ही चैन त्याला कधी मिळाली नव्हती, आणि तो ती मनसोक्त करत होता. पण मिठाच्या बरणीचं झाकण निळं निघालं तर त्यात कुणाचं नुकसान नसतं. भेंडीचं तसं नव्हतं.

भेंडीचं असं होतं, की कंपनीत तयार झालेल्या बियाण्याच्या प्रत्येक ढिगातून मूठभर बी या रानात पेरत, झाडं फुलावर आली की इंद्रभान ओळीओळीनं फिरे, आणि त्यात किती झाडं त्या जातीची नाहीत ते सांगे. कंपनीच्या कागदावर त्या झाडांना भेसळ म्हणत. इंद्रभान परकी म्हणे. दोनांपेक्षा जास्त निघाली की ढीग बाद. तो सही करी तेव्हाच बी कंपनीच्या फाटकाबाहेर पडे. पाच वर्षांपासून शेजारी प्रयोगशाळाही आली होती. तिथं पानाचा टिकलीएवढा तुकडा घेत आणि मशीनमध्ये घालून दोन दिवसांत सांगत, झाड आपलं की परकं. फुलायची वाट बघायला नको, उन्हात फिरायला नको. या ढिगाबद्दल प्रयोगशाळेनं कालच सांगितलं होतं, शंभर टक्के शुद्ध. हे बी साधं नव्हतं. नव्या जातीचं आईबाप बी होतं, तीर्थपुरीकडच्या आणि परतूरकडच्या शेतकऱ्यांच्या रानात सोमवारी जायचं होतं, आणि त्यातून पुढं जे बी निघेल ते दोन राज्यांत विकलं जाणार होतं. फक्त इंद्रभानची सही राहिली होती. आणि इंद्रभानला, उजव्या डोळ्यानं, सातव्या ओळीपर्यंत चार परकी सापडली होती.

तो बांधावर बसला. बसल्यावर त्याला बापाची आठवण झाली, आणि ती नेहमीसारखी हातापासून सुरू झाली. बिभीषणचा हात, लोकरीच्या तेलानं कायम चिकट, त्याच्या हनुवटीला धरून त्याचं तोंड कळपाकडं वळवणारा. दोनशे चाळीस मेंढरं होती. गोदावरीच्या काठाला दोन कळप पाण्यावर एकत्र आले की सगळी पांढरी-काळी खिचडी व्हायची आणि बाप त्यातून आपली मेंढरं मोजून न्यायचा, तासाभरात, एकही न चुकता. "लोकरीकडं बघू नको," तो म्हणायचा, "लोकर आज हाये, उद्या कातरली. तोंड बघ." इंद्रभान आठ वर्षांचा असताना त्याला एके सकाळी अचानक तोंडं दिसायला लागली. कालपर्यंत नुसती मेंढरं होती, आणि त्या दिवशी ही उदास, ही भांडकुदळ, हिच्या डाव्या गालात जरा जास्त माया. त्याला वाटलं होतं आपण देवाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. आणखी एक गोष्ट बापानं शिकवली होती. कळपात परकं मेंढरू आलं तर हाकलायचं नाही. चारायचं, राखायचं, मागून धनी येतो. आणि नाही आला तर ते आपलंच.

या दुसऱ्या शिकवणीनं त्यानं कंपनीचा पहिला हंगाम मातीत घातला होता. तेव्हा कंपनी कसली, नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या, एक तराजू, आणि नागसेन सर. सर शेतकी कॉलेजातून नुकते आलेले, शाळामास्तरांचा मुलगा, स्वतःच्या हातानं भेंडीच्या कळ्या उघडून एका जातीचं दुसरीशी लग्न लावायचे. भाड्याच्या चार एकरांत मेंढरं घुसू नयेत म्हणून त्यांनी राखणदार ठेवला, तो इंद्रभान. धनगराच्या पोरानं मेंढरं हाकलायची नोकरी धरली म्हणून गावानं त्याला वर्षभर चिडवलं. एकदा सर ओळीतून चालले असताना तो मागून सहज म्हणाला, "सर, हे याच्यातलं न्हाई." सर मागं फिरले, पुस्तक उघडून अर्धा तास झाडासमोर बसले, आणि मग म्हणाले, "बराबर आहे." दुसऱ्या दिवसापासून राखणदारी सुटली. काम एवढंच की परकी झाडं शोधायची आणि उपटायची. शोधली सगळी. उपटलं एकही नाही. प्रत्येकाच्या बुंध्याला सुतळी बांधून, आळं करून, त्यानं त्यांना वेगळं पाणीसुद्धा घातलं. मधमाश्यांना सुतळीशी काय देणंघेणं? त्यांनी परक्याचं परागकण घराघरात पोचवलं आणि चार एकरांचं बी कुठल्याच जातीचं राहिलं नाही. सर बांधावर येऊन बसले, आत्ता इंद्रभान बसला होता तसेच, गुडघे पोटाशी घेऊन. कामून केलं असं, म्हणून विचारलं. इंद्रभाननं खरं ते सांगितलं. "परकं हाकलायचं नसतंय सर. मागून धनी येतो." सर त्याच्याकडं बघत राहिले, आणि मग इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं हे इंद्रभानला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पीक नांगरून टाकलं. पण इंद्रभानला काढलं नाही. उलट नवा नियम झाला. परकं झाड दिसलं की त्याच्या कळीला उमलण्याआधी कागदाची टोपी घालायची, म्हणजे मधमाशीला वाट नाही, बाकीची फुलं खुडायची, त्या एका शेंगेचं बी धरायचं आणि मग झाड काढायचं. विहिरीजवळ जाळीखाली एक वाफा केला आणि हे बी तिथं पेरलं. सगळे त्याला परक्यांचा वाफा म्हणत. आठ-नऊ वर्षांनी हळद्या रोग आला, जिल्ह्यातली भेंडी पानापानानं पिवळी पडली, सरांनी जेवण सोडलं, आणि त्या दिवसांत एकदा इंद्रभान जाळीत वाकला तर वाफ्यातली एक ओळ हिरवीगार, जणू हिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या ओळीतून जी जात निघाली तिनं कंपनी उभी केली. दोन खोल्यांच्या चार झाल्या, चारांचा मजला झाला, मग एमआयडीसीत इमारत, शीतगृह, काचेच्या घरात वाढणारी रोपं, पांढऱ्या कोटातली पोरं. कंपनीत कुणी पाहुणा आला की सर त्याला आधी शीतगृहात नेत आणि त्या वाफ्यातल्या बियांच्या पाकिटांच्या रांगा दाखवून म्हणत, हे इंद्रभानचे परके. त्याला अशा वेळी फार संकोच होई, आणि पाहुणा गेल्यावर तो मुद्दाम काहीतरी विसरल्यासारखं करून शीतगृहात एक चक्कर मारून येई.

आता उन्हं वर आली होती. इंद्रभान बसल्या जागी दोन बाजूंनी भीत होता. एक, हे भिंगच निळसर असेल, त्यात जे बघावं ते जांभळं दिसत असेल, झाडात काही नसेल. तसं असेल तर चांगला ढीग आपण एका काचेपायी अडवतोय. आणि दुसरी भीती पहिलीपेक्षा वाईट होती. झाक खरी असेल, तर जो डोळा ती बघू शकत नाही त्याच डोळ्यानं आपण चार वर्षं सह्या केल्या. लुगडं मातकट दिसत होतं त्या सगळ्या काळात. किती परकी आपल्या सहीनं लोकांच्या रानात गेली? त्याला तहान लागली, पण उठावंसं वाटेना. शेवटी त्यानं स्वतःशी ठरवलं, अगदी बापाची शपथ घालून. हे चार परके नाहीत असं निघालं तर रान सोडायचं. सरांना सांगायचं, आता पुरे, डोळा गेला. घरी जाऊन बरण्यांची झाकणं बघत बसायचं. एवढं ठरल्यावर त्याला पाणी प्यायला उठता आलं.

मग त्यानं शिवकन्येला फोन केला. शिवकन्या प्रयोगशाळेची प्रमुख, परतूरकडची, तीस-बत्तीस वर्षांची, त्याला मामा म्हणणारी. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणे आणि एरवी पोरी. ती स्कूटीवरून आली, हेल्मेट काढलं, चारही झाडांसमोर बसली आणि म्हणाली, "मामा, मला तर सारखेच दिसून राह्यले."

"डोळे बारीक करून बघ. देठाजवळ."

"हां, हाये काहीतरी. पण ऊन पण असू शकतं." मग तिनं खरं ते सांगितलं. हा तिचा गुण होता. "हे बघा, आमची टेस्ट बारा ठिकाणी बघते. समजा मेंढराच्या बारा खुणा ठरवल्या, कान, शिंग, खूर. बारा जुळल्या की आपलं. पण तेराव्या ठिकाणी फरक असंल तर आम्हाला कळत न्हाई. आता नवीन मशीन आलंय, ते हजारो ठिकाणी बघतं. त्याच्यावर टाकते. पुढचा शुक्रवार लागंल."

"आन् सोमवारचं बी?"

"ते तुमी बोला सरांशी."

सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इंद्रभान, डोळ्यावर भरोसा आहे का?"

"सर, एका डोळ्यावर हाये."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मंग एका डोळ्यासाठी थांबू आठ दिवस," सर म्हणाले. शिवकन्या पानांचे तुकडे डबीत घालत होती. इंद्रभाननं फोन खिशात ठेवला आणि जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "पोरी, चार वर्षात माझ्या सहीनं खराब माल गेला का गं?" ती डबीचं झाकण लावत राहिली. झाकण कधीच लागलं होतं. "गेला न्हाई," ती म्हणाली. "दोनदा जाणार होता. तुमी पास केल्ता, आम्ही थांबवला. सर म्हणले, इंद्रभानला काही बोलू नका, पहिले त्याचं ऑपरेशन करू."

ती गेल्यावर त्याला राग आला, आणि राग आला याचं बरं वाटलं, कारण रागाला तरी काहीतरी करता येतं. आपल्या मागं आपलं काम तपासलं जात होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आपण ऐटीत सह्या करत होतो! सरांनी गेल्या दिवाळीपासून ऑपरेशन, ऑपरेशन म्हणून लावलेला धोशा त्याला आठवला, कसे ते स्वतः गाडीत घालून तारीख घ्यायला घेऊन गेले होते, आणि कसा तो म्हणाला होता, सर, मला बराबर दिसतंय, उगं खर्चा. दुपारी भाकरीचा पहिला घास घेताना त्याचा राग कुठंतरी गेला. त्याच्या जागी दुसरंच काही आलं. म्हणजे खराब बी गेलं नव्हतं. कुणाच्याही रानात नाही. आपण आंधळ्यासारखे चालत होतो आणि कुणीतरी न बोलता हात धरला होता. ज्या मशीनला तो मनातल्या मनात सवत म्हणायचा तिनं चार वर्षं त्याची अब्रू झाकली होती. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं भाजीत मीठ कमी असल्याचं कडूबाईला फोन करून सांगितलं, निव्वळ कुणाशी तरी बोलायचं म्हणून. ती म्हणाली, झाकण दिसतं तर मीठ घेत जा.

तरी शुक्रवारपर्यंतचे दिवस सरता सरेनात. मोतीबिंदू नव्हता तेव्हा तो झाडांकडं बघे आणि घरी जाई. आता झाडं त्याच्याबरोबर घरी येऊ लागली. रस्त्यानं जाताना तो एक डोळा मिटून दुकानांच्या पाट्या बघे, दुसरा मिटून बघे. ट्रॅक्टरचा रंग दोन, आभाळाचा रंग दोन, माणसांचे चेहरे मात्र दोन्हीकडं सारखे, आणि याचा त्याला धीर वाटे. कधी वाटे, निघू दे चूक, त्रेसष्ट हे काही कमी वय नाही. लगेच ओळीतल्या ओल्या मातीचा वास नाकात येई, सकाळच्या पहिल्या फुलांवर पाय न पडू देता तिरकं चालण्याची पायांची सवय जागी होई, आणि त्याला रडूच यायचं बाकी राही. त्याला हे काम आवडत होतं. एवढी साधी गोष्ट त्यानं कुणाला, स्वतःलासुद्धा, कधी सांगितली नव्हती.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला शिवकन्या आली ती स्कूटी नीट उभी न करताच. स्कूटी आडवी पडली. "मामा!" ती लांबूनच ओरडली. "चारीच्या चारी परके!" बारा खुणा जुळत होत्या, तिनं धापा टाकत सांगितलं, पण नव्या मशीनवर दुसऱ्याच एका ठिकाणी चौघंही वेगळे निघाले, आणि चौघंही एकमेकांसारखे, म्हणजे कुठल्यातरी एकाच परक्या झाडाचा तो वंश. ढीग थांबला होता. सर आता खुणांची यादी बारावरून वाढवायला निघाले होते. "सर म्हणले, इंद्रभानला सांग, दुसऱ्या डोळ्याचं पण जल्दी करून टाक." इंद्रभान हसला. त्याला उडी मारावीशी वाटली, पण गुडघे होते. त्यानं नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात जरा जास्त वेळ तिथंच राहिला.

मग तो म्हणाला, चल, टोप्या घालू. कागदाच्या टोप्या घेऊन दोघं रानात शिरली. पाच वर्षांत शिवकन्येनं या झाडांची हजारो पानं हाताळली होती, पण ती डब्यांतून येणारी, टिकलीएवढी. अख्खं झाड, मुळापासून शेंड्यापर्यंत, असं ती बघायला आज पहिल्यांदाच मोकळी होती. इंद्रभान सातव्या ओळीत वाकून कळीला टोपी बांधत होता. ती पुढं गेली, उगाच, हात झाडांवरून फिरवत. आठवी ओळ ओलांडली. नवव्या ओळीत मधोमध थांबली, दोन पावलं मागं आली, परत थांबली.

"मामा," ती म्हणाली. आवाज बिचकलेला. "हे पण?"

नववी ओळ त्यानं मंगळवारी बघितली होती. आणि बुधवारी. पुरी. तो गेला, वाकला, डावा डोळा मिटला. पानाच्या देठाशी, मागच्या बाजूनं, खाली वळलेल्या पानाच्या आड, ती जांभळट झाक होती. फिकी होती, पण होती. दोन वेळा तो हिच्या समोरून गेला होता, नव्या डोळ्यासकट.

"कसं वळखलं?"

"काय माहीत. नुसतं वाटलं." ती गोंधळून गेली होती. "टेस्ट करावी लागंल, मामा. माझं चुकलं पण असंल."

"कर की टेस्ट. पण चुकलं न्हाई. हे माझ्याकडून हुकलं." हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला ते कुणा दुसऱ्याच्या तोंडचे वाटले. तीस वर्षांत त्याच्या नजरेतून निसटलेलं झाड कुणी त्याला रानात उभं राहून दाखवलं नव्हतं. असं ज्या दिवशी होईल त्या दिवशी आपण संपलो, असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि तो दिवस आज आला होता, आणि त्याला नाचावंसं वाटत होतं, कारण पोरीला तोंडं दिसायला लागली होती. त्यानं ताठ उभं राहून दोन्ही हात वर केले आणि पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायांना हाक मारली, "अहो, या इकडं! समद्या या! पोरीनं माझी चूक धरली!"

शिवकन्या म्हणाली, मामा, हळू, काय करून राह्यले. पण तो ऐकत नव्हता. बाया खुरपी टाकून उठल्या. सगळ्यात पुढं दुर्गाबाई होती, जिला बातमी सगळ्यांच्या आधी लागायची. ती बांधावरून कपाळाला हात लावून बघत होती, काय झालं म्हणून, आणि या माणसाचं तोंड बघून तिनं एकच अंदाज केला.

"काय वो भाऊ," तिनं तिकडूनच विचारलं, "कुणाच्या घरी पाळणा हालला?"

"आमच्याच," इंद्रभान म्हणाला.